आत्मविकासाची आणि ललितेतर पुस्तकं वाचून होतात, पण अंगी लागत नाहीत. पद्धत सुचवा

शाईदौत:
सवयी, वेळेचं नियोजन, मनाचे व्यापार, चरित्रं-आत्मचरित्रं अशा वाचनाबद्दल विचारायचं आहे. हाताशी रोज अर्धा तास आहे. अडचणी तीन. पुस्तक मिटल्यावर आठवड्याभरात त्यातलं दोन वाक्यांपलीकडे काही सांगता येत नाही. वाचताना आलेला हुरूप दोन दिवसांत ओसरतो. आणि एकाच विषयावर दहा पुस्तकं समोर असली की कुठलं उचलावं ते कळत नाही. पेन्सिलीने भरपूर खुणा करते, तरी ही गत. पुस्तकांची यादी नको, ती कुठेही मिळते. वाचायचं कसं ते नेमकं सांगा.

पानपालट:
आधी खुणांबद्दल, कारण मूळ दुखणं तिथेच आहे. खूण करताना वाक्य ओळखीचं होतं, आणि ओळखीचं झालं म्हणजे आलं असा मनाचा समज होतो. अभ्यासाच्या दहा पद्धती तपासणारा एक मोठा आढावा २०१३ मध्ये निघाला. त्यात अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि उजळणी दिवसांच्या अंतराने करणं या सगळ्यात वरच्या. त्याआधी रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचे २००६ चे प्रयोग आहेत. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. तुमचं पुस्तक आठवड्यात पुसलं जातं ते याचमुळे.

म्हणून अर्धा तास असा वाटा. पहिली ३ मिनिटं पुस्तक बंदच ठेवून काल काय वाचलं ते आठवायचं. पुढची २० मिनिटं वाचन. उरलेली ७ मिनिटं पुस्तक मिटून चार-पाच ओळी लिहायच्या: लेखकाचा दावा काय, पुरावा कोणता, मला कुठे पटलं नाही. लिहून झालं की मगच पुस्तक उघडायचं आणि निसटलेलं वेगळ्या शाईने भरायचं. ही दुसरी शाई फार बोलकी असते. आठवड्यानंतर आणि महिन्यानंतर तीच वही झाकून पुन्हा आठवायचं, दर वेळी दहा मिनिटं पुरतात.

पेन्सिल टाकू नका, पण खुणा तीनच ठेवा. दाव्याला समासात उभी रेघ, शंकेला प्रश्नचिन्ह, करून बघण्याजोग्या गोष्टीला चौकोन. परिच्छेद पूर्ण वाचून झाल्यावरच खूण करायची, आणि दोन पानांत एकीपेक्षा जास्त नको.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, पुस्तक उघडं ठेवून टिपणं काढली जातात. ती नुसती नक्कल होते. दोन, वीस पानांच्या प्रकरणाची चार पानं टिपणं होतात आणि दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येऊन वही बंद पडते. पाच ओळींची मर्यादा कडक पाळा. या गतीने रोज दहा-बारा पानं होतील, म्हणजे २५० पानांचं पुस्तक साधारण साडेतीन आठवडे. होऊ द्या.

सूचीवाचक:
निवडीबद्दल सांगतो. कुठलंही पुस्तक घेण्याआधी त्याला २० मिनिटं द्या. अनुक्रमणिका सावकाश वाचा. प्रस्तावनेची शेवटची दोन पानं वाचा. लेखक काय सिद्ध करणार ते बहुधा तिथे असतं. मधल्या एका प्रकरणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद बघा. मग मागच्या टिपा आणि संदर्भ. प्रत्येक प्रकरण कुणाच्या तरी गोष्टीने सुरू होऊन त्याच एका मुद्द्यावर येत असेल, तर तो एका लेखाचा ऐवज पुस्तकभर ताणलेला आहे. पहिली तीन प्रकरणं वाचून निःसंकोच ठेवून द्या.

दुसरी कसोटी आकड्याची. पुस्तकातला एक ठळक आकडा निवडा आणि त्याचं मूळ शोधा. 'सवय २१ दिवसांत लागते' हेच घ्या. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढच्या लेखकांनी 'किमान' गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी कुठलीही सवय घातली. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात मध्यक (निम्मे ज्याच्या आत, निम्मे ज्याच्या पुढे, तो आकडा) ६६ दिवसांचा आला आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. त्यातही निरीक्षण १२ आठवड्यांचंच होतं, त्यापलीकडचे आकडे गणिताने काढलेले अंदाज आहेत. हे माहीत असेल तर बाविसाव्या दिवशी सवय मोडली म्हणून कुणी स्वतःला दोष देणार नाही. चुकीचा आकडा वाचकाचं नुकसान करतो, म्हणून मी या तपासणीचा आग्रह धरतो.

एका विषयावर दोनच पुस्तकं पुरे, आणि दुसरं पहिल्याशी न पटणारं निवडा.

जरतारी:
हुरूप ओसरणारच, तो ओसरायच्या आत त्याचं काम ठरवून टाकायचं. एका पुस्तकातून एकच चौकोन उचला आणि तो 'जर-तर' स्वरूपात लिहा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या प्रकारच्या ठरवण्यावर बरंच संशोधन केलं आहे, १९९९ चा त्यांचा लेख प्रसिद्ध आहे. 'रोज लिहीन' हे नुसतं ठरवणं झालं. 'रात्रीचं जेवण झालं, ताट उचललं, की वहीत तीन ओळी लिहीन' ही जर-तर योजना. 'जर' मध्ये डोळ्यांना दिसणारी, रोज हमखास घडणारी घटना हवी. 'वेळ मिळाला तर', 'मन शांत असलं तर' असं लिहिलं की योजना तिथेच संपते, कारण मन शांत झालंय हे ओळखायला वेगळी खूण नसते.

त्यानंतर दोन आठवडे सल्ल्याचं दुसरं पुस्तक उघडू नका. त्या काळात इतिहास किंवा चरित्र वाचा. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रात याचा जुना नमुना आहे: १३ गुण, आठवड्याला एकावर लक्ष, म्हणजे १३ आठवड्यांची एक फेरी आणि वर्षात चार. छोट्या वहीत सात उभे रकाने वारांचे, तेरा ओळी गुणांच्या, चूक झाली की काळा ठिपका. एकावेळी एकच, ही त्यातली खरी अक्कल.

शाईदौत:
सगळ्यांचे आभार. दोन शंका: चरित्रांना हीच पद्धत का? आणि ऐकायची पुस्तकं चालतील का?

पानपालट:
चरित्राला वेगळी. तिथे दावा शोधू नका, निर्णय शोधा. वहीत तीन रकाने: त्या वेळचं वय, समोर असलेले पर्याय, निवडलेला पर्याय. निकालाचं पान वाचण्याआधी हे भरा. निकाल कळल्यावर प्रत्येक निर्णय शहाणपणाचाच वाटू लागतो. आत्मचरित्र असेल तर त्याच काळाबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं एखादं प्रकरण जोडीला वाचा. माणूस स्वतःचं सांगताना कालक्रम आणि कारणं नकळत सरळ करून टाकतो.

सूचीवाचक:
ऐकायला चरित्रं उत्तम. तक्ते, स्वाध्याय, पायऱ्या असलेली पुस्तकं छापीलच घ्या. ऐकताना प्रकरण संपलं की थांबवा आणि एक मिनिट स्वतःशी बोलून सांगा, पुढचं आपोआप सुरू होऊ देऊ नका.

जरतारी:
एक राहिलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते काम पुस्तकावर सोपवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, वाचन सोबतीला चालू राहू दे.