मदत हवी आहे: भावाला दिवसभर जाता येईल असं केंद्र

रानवारा: नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ दवाखान्यातून घरी आलाय. तब्येत आता बरी आहे, डॉक्टरही समाधानी आहेत. पण दिवसभर नुसता बसून असतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं एखादं केंद्र माहीत आहे का? शोधलं की सगळी व्यसनमुक्तीचीच नावं येतात. लवकर सांगा. बाबांचं ऑपरेशन ठरलंय, मग आई एकटी किती ठिकाणी पुरणार?

काजवा: गाव कोणतं? वय काय? आजाराचं नावही लिहिलेलं नाही.

निशिगंध: दारूचा प्रश्न असेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना पाठवा. फी नसते. माझे काका त्यातूनच सावरले.

रानवारा: दारूचा काही संबंध नाही. स्किझोफ्रेनिया आहे. वय २९. बीकॉम झालाय.

खडकवासला: मग पुण्यात 'सा' आहे, स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ मध्ये सुरू केली. धायरीला त्यांचं पुनर्वसन केंद्र आहे. माझी बहीण जायची. तिथे काय शिकवतात यापेक्षा ठरल्या वेळी आंघोळ करून घराबाहेर पडणं, चार माणसांत डबा खाणं, याचाच तिला जास्त उपयोग झाला. आम्हा घरच्यांना स्वमदत गटाचा आधार मिळाला तो वेगळाच.

मासुंदा: ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचं 'त्रिदल' हे पुनर्वसन केंद्र आहे, तेही बघा.

रानवारा: आम्ही तासगावला राहतो. पुणे-ठाणे रोजचं कसं जमणार?

काजवा: मी पहिल्यांदा तेच विचारलं होतं हो!

निरंजन_क: केंद्रबिंद्र सोडा. गोळ्या हळूहळू कमी करा आणि दहा दिवस इगतपुरीला विपश्यनेला पाठवा. माझी झोप त्यानेच सुधारली.

परिचारिका: निरंजनजी, कृपा करून असं सांगू नका. तुमचा निद्रानाश होता, याला स्किझोफ्रेनिया आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असं विपश्यना केंद्रंच सांगतात. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या आणि पुन्हा भरती झाले, असे पेशंट मी वॉर्डात सतत बघते. रानवारा, औषध कोणतं चालू आहे?

रानवारा: क्लोझापिन. रक्ततपासणी वेळच्या वेळी करतो. पण सकाळच्या गोळीची झापड अकरापर्यंत उतरत नाही. हात थरथरतात, चहा बशीत सांडतो. पाहुणे आले की त्यामुळे तो आतल्या खोलीतून बाहेरच येत नाही.

परिचारिका: हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. डोसची वेळ बदलता येते का, ते ठरवतील. तुम्ही स्वतः बदलू नका. आणि सांगली सिव्हिलला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. या कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर सोशल वर्करचंही पद असतं. डॉक्टरांइतकंच त्यांच्याशी बोला. जवळपासचे गट आणि शिबिरं त्यांना ठाऊक असतात. दरम्यान आईंना अडलं तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करता येतो.

निशिगंध: लग्न लावून द्या. जबाबदारी आली की माणूस आपोआप हलतो.

खडकवासला: अहो, एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. लग्न म्हणजे उपचार नव्हे! त्याला उद्या करायचं असेल तर सगळं सांगून, त्याच्या मर्जीने करेल. तुम्ही-आम्ही कोण ठरवणार?

मासुंदा: निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढलात का? त्यात औषधांचा खर्च मिळतो.

काजवा: निरामय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. एकट्या स्किझोफ्रेनियाला लागू नाही. त्यापेक्षा यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार धरला आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर सवलती मिळतात.

निशिगंध: कशाला? कायमचा शिक्का बसेल.

काजवा: कार्ड कपाटात ठेवता येतं, गरज पडेल तेव्हा काढायचं. रानवारा, वडील सरकारी नोकरीत होते का?

रानवारा: हो, जिल्हा परिषदेत शिक्षक. आता निवृत्त. का?

काजवा: मग हे आत्ताच बघा. आजारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला आईवडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. वडील हयात असतानाच कार्यालयात नोंद झाली तर पुढची धावपळ वाचते.

रानवारा: हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. डिस्चार्जच्या वेळी फक्त गोळ्यांची चिठ्ठी दिली.

परिचारिका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे घरी सोडताना पुढच्या उपचारांचं नियोजन पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून व्हायला हवं. पुढच्या भेटीत ते मागा. हक्काने मागा. आणि भावाला काय करायला आवडतं? तुम्ही सगळं लिहिलंत, ते सोडून.

रानवारा: त्याला हिशेब आवडतो. किराणा आणला की पावती घेऊन बसतो, एक रुपया चुकला तरी सांगतो.

खडकवासला: मग गावातच ओळखीचं दुकान किंवा वाचनालय बघा. दुपारी दोन तास, झापड उतरल्यावर. सुरुवातीला पगाराची अट नको. मालकाला थोडी कल्पना द्या, पण आधी भावाला विचारून.

रानवारा: चुलतमामांचं खताचं दुकान आहे. आज भावालाच विचारतो. सोमवारी सिव्हिलला जातोय. कागद कोणते लागतील?

परिचारिका: डिस्चार्ज कार्ड, आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, आधार, फोटो. सगळ्याच्या झेरॉक्स काढा. आणि भावाला बरोबर न्या, त्याच्यासमोर बोला.