पुळण दरवर्षी मागे सरकतेय. ग्रामपंचायतीने पुढच्या तीस वर्षांचा विचार कसा करायचा?

माडाखालची:
नमस्कार. मी मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. आमची वाडी म्हणजे पुढे दर्या, पाठीमागे खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी.

२००४ साली लग्न होऊन आले तेव्हा मांगरापासून (वाडीतल्या छोट्या घरापासून) पाण्यापर्यंत जाताना पाय पोळायचे, एवढी पुळण होती. आता जूनच्या उधाणाला पाणी मांगराच्या चौथऱ्याला लागतं. पुढच्या रांगेतले अकरा माड गेले, त्यातले चार मे २०२१ च्या तौक्ते वादळात एका रात्रीत. एरवी माड असा पटकन जात नाही. आधी खालची वाळू जाते, तांबूस मुळांचा झुबका उघडा पडतो आणि वाऱ्यावर हलत राहतो. तशा अवस्थेत तो दोन-तीन उधाणं काढतो. मग एके सकाळी दार उघडलं की आडवा दिसतो.

शेजारच्या वाडीत काही वर्षांपूर्वी दगडी धूपप्रतिबंधक बंधारा झाला. त्यांची घरं वाचली, याचा मला आनंदच आहे. पण बंधारा संपतो तिथेच आमची हद्द सुरू होते, आणि नेमकी तिथेच आमची जमीन कापली जातेय. ग्रामसभेत आता एकच मागणी आहे, आम्हालाही बंधारा द्या. रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे, मात्र गप्प बसतात. रापण ओढायला मोकळी पुळण लागते, दगडावर जाळं फाटतं. गेल्या सभेनंतर एका म्हाताऱ्या काकांनी मला बाहेर थांबवलं. म्हणाले, "गो बाय, बंधारो झालो तर आमी होडी खय लावची?" मला उत्तर देता आलं नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावविकास आराखडा येणार. तो एका वर्षाचा. समुद्राचा विचार एका वर्षात कसा बसवायचा? दुसरीकडच्या स्थानिक संस्था हे कसं करतात, आणि आमच्या हातात नक्की काय आहे?

वेंगुर्ला_ते_सिडनी:
ताई, मी मूळचा वेंगुर्ल्याचा, बरीच वर्षं सिडनीच्या उत्तर किनाऱ्यालगत राहतो. इथे कॉलरॉय-नॅराबीन नावाची सलग पुळण आहे. जून २०१६ च्या वादळात एका घराचा पोहण्याचा तलाव उखडून वाळूवर येऊन पडला. त्यानंतर भिंतीचा निर्णय झाला. खर्चातला ८० टक्के वाटा घरमालकांचा, कौन्सिल (इथली स्थानिक संस्था) आणि राज्य सरकारचा प्रत्येकी १०. सात मीटरच्या आसपास उंच सरळ काँक्रीटची भिंत उभी राहिली तेव्हा, २०२१ मध्ये, तिच्याविरुद्ध लोक पुळणीवर रांग करून उभे राहिले. घरं वाचवायची की पुळण, हा तुमच्या काकांचाच प्रश्न इथेही निघाला.

इथल्या राज्यात २०१६ चा किनारा व्यवस्थापन कायदा आहे. त्याखाली कौन्सिल किनाऱ्याचा दीर्घ पल्ल्याचा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने तयार करते: आधी व्याप्ती, मग धोक्यांचा अभ्यास, मग पर्याय, आणि लोकांसमोर ठेवून शेवटी मंजुरी. पण तुम्ही उचलण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. नॅराबीनची पुळण १९७६ पासून ठरलेल्या पाच जागी जवळपास दर महिन्याला मोजली जाते. पुळण वादळात जाते आणि शांत हवेत बरीचशी परत येते. आपल्याकडेही पावसाळ्यात गेलेली वाळू थंडीत परत येते ना, तसंच. एकाच वर्षाचं माप बघून आराखडा केला तर फसगत होते.

२०१७ पासून इथे आणखी एक सोय आहे. किनाऱ्यावर खांबाला मोबाइल टेकवायची खाच केलेली असते. येणारा-जाणारा तिथे फोन ठेवून फोटो काढतो, त्यामुळे प्रत्येक फोटो त्याच कोनातून येतो. हे तुमच्या गावात महिनाभरात होऊ शकेल.

निवृत्त_नगररचना:
सदस्यताई, बंधारा ग्रामपंचायत स्वतः बांधू शकत नाही. तो पतन खाते किंवा मेरीटाइम बोर्डाकडून होतो, आणि त्याला सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांखालची परवानगी लागते. पण तुमचा ठराव कागदावर राहतो, म्हणून त्यात काय लिहिता याला महत्त्व आहे. नुसतं "बंधारा व्हावा" लिहू नका. "आमच्या हद्दीतला आणि लगतचा किनारा एकत्र अभ्यासून उपाय सुचवावा, रापणीच्या जागा सोडाव्यात" असं लिहा. बंधाऱ्याच्या टोकाला धूप वाढते हे अभियंत्यांना नवीन नाही. प्रस्ताव वाडी-वाडीचा सुटा गेला की टोकाचा विचार कोणीच करत नाही.

दुसरं, सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेत धोका रेषा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने किनाऱ्यातला बदल आणि समुद्रपातळीची वाढ धरून ती आखली आहे. तिने बांधकामावर बंदी येत नाही, पण आपत्ती व्यवस्थापन आराखड्यासाठीच ती दिलेली आहे. किनारा व्यवस्थापनाच्या नकाशावर ती शोधा. नवी अंगणवाडी, पाण्याची टाकी, घरकुलं त्या रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला घालू नका. हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि तीस वर्षांचं नियोजन म्हणजे मुख्यतः हेच.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या किनारा समितीवर पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत अशी २०११ पासूनची तरतूद आहे. ते कोण आहेत ते लेखी विचारा.

दिवेआगरकर:
३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या बाजूची सुरूची बनं आडवी केली. माझं ऐका, सुरूच्या भरवशावर राहू नका. मर्यादवेल जिथे पसरलेली असते तिथे वाळू धरून राहते. तिच्यावरून गाड्या नेणं आणि पर्यटकांसाठी पुळण "साफ" करणं आधी बंद करा.

माडाखालची:
सगळ्यांचे मनापासून आभार. मर्यादवेल आमच्या सीमेवर अजून थोडी आहे, गेल्या वर्षी आम्हीच ती स्वच्छता मोहिमेत उपटली होती. वाईट वाटलं वाचून.

काल पौर्णिमेच्या भरतीला टेप घेऊन गेले. मांगराच्या चौथऱ्यापासून ओल्या रेघेपर्यंत १४ मीटर भरलं. वहीत तारीख घातली आणि तीन जागी बाभळीचे खुंट ठोकले. तिसरा कुठे ठोकायचा ते रापणकर काकांना विचारलं. त्यांनी होडी ओढायची वाट पायाने वाळूत रेघ मारून दाखवली, दोन्ही कडांना. ती रुंदी मोजली, आठ मीटर. ठरावात "रापणीच्या जागा सोडाव्यात" याच्यापुढे आता तेवढा आकडा घालते आहे.