संघमालकच वर्णद्वेषी बोलला तर संघ काढून घेता येतो का?

पेठकरी:
कोल्हापुरात फ्रँचायझी पद्धतीची फुटबॉल स्पर्धा आखतोय. आठ संघ, आठ मालक, आफ्रिकन खेळाडूही असणार. प्रेक्षकांच्या शेरेबाजीचे नियम मिळाले, पण मालकच खेळाडूच्या रंगावरून बोलला तर काय, हे कुठं सापडेना. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगनं २०१४ मध्ये क्लिपर्स संघाचा मालक डोनाल्ड स्टर्लिंगला बाहेर काढलं ते कशाच्या जोरावर? तसं कलम आपल्याकडं टिकेल का?

कॉर्नरफ्लॅग:
कराराच्या जोरावर. संघ घेताना प्रत्येक मालक लीगची घटना मान्य करून सही करतो. तिच्या कलम १३ नुसार तीन चतुर्थांश मालकांनी ठरवलं तर मालकी संपते. त्यात वर्णद्वेषाचा थेट उल्लेख नव्हता. लीगशी केलेले करार मोडले आणि लीगचं नुकसान केलं, असा आरोप ठेवावा लागला. तुम्ही तो शब्द सरळ लिहा.

क्रम बघा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ध्वनिफीत बाहेर आली. कृष्णवर्णीयांना माझ्या सामन्यांना आणू नकोस, असं स्टर्लिंग मैत्रिणीला सांगतोय. खेळाडूंनी सरावाचे शर्ट उलटे घातले, प्रायोजक मागं सरले. २९ एप्रिलला लीगचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी आजीवन बंदी आणि २५ लाख डॉलर दंड जाहीर केला. घटनेत दंडाची कमाल मर्यादाच तेवढी होती.

मालकांचं मतदान मात्र झालंच नाही. संघ कौटुंबिक ट्रस्टच्या नावावर होता. दोन डॉक्टरांनी स्टर्लिंग व्यवहार सांभाळायला अक्षम असल्याचं लिहून दिलं, पत्नी शेली एकट्या विश्वस्त झाल्या आणि त्यांनी मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांच्याशी सौदा केला. स्टर्लिंग कोर्टात गेला. २८ जुलैला न्यायाधीशांनी शेलींच्या बाजूनं कौल दिला, ऑगस्टमध्ये विक्री पूर्ण झाली.

आता खरी गोम. १९८१ मध्ये सव्वा कोटी डॉलरला घेतलेला संघ २०० कोटींना गेला, आणि पैसे स्टर्लिंग कुटुंबाच्या ट्रस्टकडंच. असली शिक्षा कुणीही हसत घेईल!

रंकाळा_कट्टा:
त्यात भर घाला. भाडेकरूंशी वर्णभेद केल्याच्या खटल्यात २००९ मध्येच स्टर्लिंगनं सुमारे २७ लाख डॉलर भरून तडजोड केली होती. तेव्हा लीग गप्प. प्रायोजक हलले की लीग हलते, हे माझं मत. एनबीएच्याच फिनिक्स सन्स संघाचा मालक रॉबर्ट सार्व्हरचं २०२२ मध्ये तेच झालं. दहा महिन्यांच्या चौकशीनंतर एक वर्षाची बंदी, एक कोटी डॉलर दंड. मग हा राहिला तर करार वाढवणार नाही, असं प्रायोजक पेपालनं जाहीर केलं आणि शिक्षेनंतर आठव्या दिवशी सार्व्हरनं संघ विकायला काढला. म्हणून प्रायोजकांच्या करारातही बाहेर पडण्याचं कलम ठेवा.

कागदपत्र_भाऊ:
कायद्याचं सांगतो. पोलिसांवर फार विसंबू नका. अ‍ॅट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे, नायजेरियन खेळाडूला लागू होत नाही. न्याय संहितेचं कलम १९६ दोन गटांत तेढ पसरवण्यासाठी आहे, एकट्याच्या अपमानाला सहसा बसत नाही. कलम ३५२ (चिथावणीसाठी मुद्दाम केलेला अपमान) लावलं तरी गुन्हा अदखलपात्र; कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणजे करार हाच आधार.

त्यात व्याप्ती लिहा: मालक, भागीदार, व्यवस्थापक, त्यांची समाजमाध्यमांवरची खाती, आणि खासगीत बोललेलं पण बाहेर आलेलंही. चौकशीला तिघं, त्यात दुसऱ्या संघाचा मालक नको. पेठांची चुरस माहीतच आहे. लेखी नोटीस आणि बाजू मांडायला सात दिवस द्याच. इथंच बहुतेक जण घाई करतात आणि समोरचा कोर्टातून स्थगिती आणतो. तोवर मालकाला मैदान, डगआउट (राखीव खेळाडू-प्रशिक्षकांची बसायची जागा) बंद करा, संघाला नको. खेळाडूंचं मानधन आधीच आयोजकांच्या खात्यात घ्या, नाहीतर मालकाच्या तोंडाची शिक्षा पोरांना.

ध्वनिफीत आली तर ज्या मोबाईलवर रेकॉर्ड झाली तो जपून ठेवा. फॉरवर्ड होत आलेल्या फायलीवर कोर्टात वाद होतो. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही लागतं.

पेठकरी:
लई उपयोगी. दंड पाच लाख लिहिला तर?

कागदपत्र_भाऊ:
लिहा, पण करार कायद्याच्या कलम ७४ नुसार कोर्ट वाजवी तेवढंच देतं. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. फ्रँचायझी फी दोन लाख असताना पाच लाख दंड टिकवणं अवघड. फीच्या पंचवीस टक्के अनामत आधीच घ्या आणि त्यातून कापा. नंतर वसुलीला दारोदार फिरावं लागतं. कापलेली रक्कमही वाजवी आहे का, हे कोर्ट बघू शकतं, म्हणून नुकसान कशाचं ते करारातच मांडा: प्रायोजक जाणं, सामना रद्द होणं.

कॉर्नरफ्लॅग:
आणि विक्रीचं कलम विसरू नका. मालकी गेली तर आयोजकांनी मूळ फीच परत द्यायची, वाढीव किंमत नाही. हे लिलावाआधीच सह्या घेऊन ठरवा. बोली लागल्यावर कोण सही करतंय?