अँजिओजेनेसिस: रक्तवाहिन्या ‘फुटतात’ की त्यांना ‘धुमारे फुटतात’?

प्रश्न: कर्करुग्णांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘गाठीभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात’ असं लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. तिचा चेहराच उतरला. “म्हणजे आत रक्तस्राव होतो का गं?” दुसरं काय लिहू? ‘मायक्रोआरएनए’लाही मराठी शब्द हवाय.

उत्तर: आईंना तसं वाटणारच. कोंब फुटतो, पालवी फुटते तेव्हा आनंद होतो. नस फुटली की धावपळ. ‘फुटणे’ ठेवा, पण ‘जुन्या रक्तवाहिन्यांना धुमारे फुटतात’ असं लिहा. शास्त्रालाही ते धरून आहे, नवी वाहिनी बहुधा शेजारच्या जुन्या वाहिनीच्या भिंतीतूनच निघते. शीर्षकात ‘अँजिओजेनेसिस’साठी ‘रक्तवाहिनीजनन’ चालेल. नुसतं ‘अँजिओ’ मात्र नको. आपल्याकडे ‘अँजिओ केली’ म्हटलं की हृदयच आठवतं. मुळात ग्रीकमध्ये त्याचा अर्थ भांडं.

गंमत म्हणजे रक्तवाहिन्या या रोगाच्या नावातच आहेत. कर्क म्हणजे खेकडा. गाठीभोवती तटतटलेल्या शिरा प्राचीन ग्रीक वैद्य गेलनला खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या होत्या. त्या शिरांवाचून गाठ वाढत नाही, तेव्हा त्यांनाच अडवावं, हा विचार अमेरिकन शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. स्वतःचा रक्तपुरवठा नसेल तर गाठ एक-दोन मिलिमीटरवरच अडते.

दुसरं उत्तर: मायक्रोआरएनए तसंच ठेवा. ‘सूक्ष्म-आरएनए’ म्हटल्यानं काही जास्त कळत नाही. त्यापेक्षा काम सांगा: जेमतेम बावीस रासायनिक ‘अक्षरां’ची ही साखळी प्रथिन बनवत नाही, प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला चिकटून तो निरोप दाबते. १९९३ मध्ये ती मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत सापडली. त्याबद्दल अँब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

माझा आग्रह एवढाच, की तिला सरसकट ‘रक्तवाहिनीरोधक’ म्हणू नका. मिर-१२६ ही अशीच एक मायक्रोआरएनए बघा. वाहिनीच्या अस्तराच्या पेशींत ती वाढीचे ब्रेक दाबून ठेवते, म्हणजे धुमाऱ्यांना मदतच करते. कर्कपेशींत मात्र ती धुमाऱ्यांना बोलावणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनालाच आवरते, आणि अनेक गाठींत तीच कमी झालेली असते. गाठीत प्राणवायू कमी पडला की वाढणारी मिर-२१० तर उघड धुमाऱ्यांच्या बाजूची. म्हणून उपचारात एखादीची नक्कल सोडायची, तर एखादीला गप्प करायचं, असे दोन्ही प्रयत्न चालतात. पत्रकात ‘प्रयत्न’ हाच शब्द राहू द्या. मिर-३४ची नक्कल देणारी चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, रुग्णांच्या प्रतिकारयंत्रणेची प्रतिक्रिया फार तीव्र होती. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध मात्र २००४ पासून वापरात आहे.

प्रश्नकर्ती: असं केलं: ‘गाठ शेजारच्या रक्तवाहिन्यांना धुमारे फोडायला लावते आणि त्यांतून पोसली जाते. काही मायक्रोआरएनए हे थांबवतात, काही वाढवतात.’ आईला कळलं.

पहिले उत्तरकर्ते: ‘थांबवतात’ऐवजी ‘आवर घालतात’ करा. पूर्ण थांबत नाही ते.