मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल वाढलेल्या घरात नारळ किती आणि कोणत्या रूपात वापरावा?

नमस्कार.

आमचे मूळ घर मालवणचे आणि वास्तव्य पुण्यात. सकाळी पोह्यांवर, दुपारी आमटीत, रात्री उसळीत आणि मासे असले की सोलकढीत, असा नारळ आमच्याकडे प्रत्येक जेवणात असतोच. गेल्या महिन्यात माझ्या सासऱ्यांच्या रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६० च्या पुढे गेल्याचे दिसले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि नारळ, तूप व बेकरीचे पदार्थ कमी करण्यास सांगून आहारतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे मिळालेल्या कागदावर लिहिले आहे की संपृक्त मेद, म्हणजे पाकिटावर ज्याला सॅच्युरेटेड फॅट म्हणतात तो, दिवसाला १२ ग्रॅमच्या आत ठेवावा. अठराशे कॅलरींच्या आहाराचे सहा टक्के, असा तो हिशेब आहे. परंतु १२ ग्रॅम म्हणजे नारळ किती, हे त्या कागदावर कुठेच नाही, आणि सासरे "मग मी जेवू तरी काय?" असे विचारून मोकळे होतात.

म्हणून आकडेमोड मीच करून पाहिली. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम मेद असतो आणि त्यातला सुमारे ३० ग्रॅम संपृक्त असतो. याचा अर्थ ४० ग्रॅम खवलेला नारळ, म्हणजे जेमतेम अर्धी वाटी, पोटात गेला की दिवसाची मर्यादा तिथेच संपते, आणि यात चहातले दूध, दही किंवा पोळीवरचे तूप धरलेलेच नाही. सुक्या खोबऱ्यात आणि डेसिकेटेड कोकोनटमध्ये पाणी उरलेले नसल्यामुळे त्यांच्यातील मेद शंभर ग्रॅममागे ६५ ग्रॅमच्या घरात जातो. खोबरेल तेलाच्या एका मोठ्या चमच्यात तर ११ ते १२ ग्रॅम संपृक्त मेद असतो. शहाळ्याच्या पाण्याचा प्रश्न नाही, त्यात मेद जवळजवळ नसतोच.

नारळ घरातून हद्दपार करावा असे मला वाटत नाही, आणि तसे केले तर आठवडाभरात सगळे पूर्वपदावर येईल हेही मला ठाऊक आहे. तो कोणत्या रूपात आणि किती वापरल्यास चव राहील व हिशेबही बसेल, एवढेच मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

पहिली अडचण वाटणाची आहे. आमच्याकडे पाच माणसांच्या उसळीला मोठी वाटीभर ओले खोबरे कांद्याबरोबर भाजून वाटले जाते. ते निम्मे केले की रस्सा पाणचट होतो आणि घरातले सगळे एकाच वेळी माझ्याकडे पाहू लागतात. दाटपणासाठी त्यात दुसरे काय घालावे?

दुसरी अडचण सोलकढीची. जाड दूध वगळून फक्त पातळ दुधाची सोलकढी केली तर मेद खरोखर कमी होतो का? शिवाय दूध काढून उरलेला चोथा मी आजवर झाडांना घालत आले आहे. तो वाळवून दळला तर बाजारात मिळणारे नारळाचे पीठ घरीच तयार होईल का?

तिसरी अडचण बेकिंगची आहे, आणि खरे तर धागा काढण्याचे मुख्य कारण तेच. बेकरीची खारी आणि बिस्किटे बंद झाल्यामुळे चहाबरोबर काहीतरी घरचे हवे, म्हणून नारळाच्या पिठाचे एक पाकीट आणले. त्यावर शंभर ग्रॅममागे ३८ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि १२ ग्रॅम मेद असे छापलेले आहे, जे वाचून फार समाधान वाटले. दही घालून मी जो कणकेचा बिनअंड्याचा केक नेहमी करते, त्यात अर्ध्या कणकेऐवजी हे पीठ घातले. पाच मिनिटांत मिश्रण ओल्या वाळूसारखे झाले. त्यात दूध वाढवत गेले, तेव्हा केक वरून तपकिरी आणि आतून ओलसर झाला, आणि सुरी लावताच कडेपासून चुरा पडू लागला. सासूबाई सोमवार, गुरुवार आणि संपूर्ण श्रावण अंडे खात नाहीत व डबा सर्वांचा एकच असतो, त्यामुळे पाककृती बिनअंड्याचीच हवी. सासऱ्यांची साखरही काठावर असल्यामुळे कंडेन्स्ड मिल्कवर आधारलेल्या पाककृती कृपया सुचवू नयेत.

शेवटचा प्रश्न तेलाचा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दर दोन दिवसांनी एक संदेश फिरतो की खोबरेल तेल हृदयाला हितकारक असून केरळात आणि पॅसिफिक बेटांवर लोक तेच खातात. नात्यातील एक ज्येष्ठ काका तर केकमध्येही लोण्याऐवजी खोबरेलच घालावे असा आग्रह धरत आहेत. यात तथ्य किती आहे?

प्रतिसाद, मडगावहून

ताई, केकपासून सुरुवात करतो, कारण बाकी विषयांवर माझ्यापेक्षा अधिक जाणणारे इथे आहेत.

नारळाच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, नसते आणि तंतू भरपूर असतात, त्यामुळे ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढून घेते, पण केकला बांधून मात्र ठेवत नाही. ज्या पाककृती केवळ या पिठावर उभ्या असतात, त्यांत एक वाटी मैद्याच्या जागी पाव वाटीच नारळाचे पीठ असते आणि साधारण दर ३० ग्रॅम पिठाला एक अंडे पडते. तो केक प्रत्यक्षात अंड्यावर उभा असतो. बिनअंड्याच्या केकमध्ये अर्धी कणीक काढून टाकणे म्हणूनच जमणार नाही. एकूण पिठाच्या पाचव्या भागापर्यंतच नारळाचे पीठ ठेवा, म्हणजे २०० ग्रॅममध्ये १६० ग्रॅम कणीक आणि ४० ग्रॅम नारळाचे पीठ. ते आधी चाळून घ्या, कारण त्यात गुठळ्या असतात. जेवढे नारळाचे पीठ, तेवढ्याच वजनाचे पातळ ताक किंवा दूध नेहमीच्या मापापेक्षा जास्त घाला. मिश्रण दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवा आणि सोडा व बेकिंग पावडर त्यानंतर मिसळा. हे पीठ सावकाश पाणी पिते. ती क्रिया भांड्यात पूर्ण झाली नाही तर ओव्हनमध्ये होते आणि मग तुम्ही वर्णन केला आहे तसा चुरा पडतो.

बांधणीसाठी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावी. ओव्हन १७० अंशांवर ठेवावा, कारण नारळाचे पीठ लवकर लाल होते, आणि खोल टिनाऐवजी पसरट भांडे घ्यावे म्हणजे आतला ओलसरपणा राहणार नाही. पूर्ण थंड झाल्याशिवाय सुरी लावू नये. नारळाचा स्वाद हवा असेल तर मिश्रणात खोबरे न घालता वरून दोन चमचे चव, म्हणजे खवलेला नारळ, भुरभुरावा. भाजल्यावर त्याचाच वास घरभर पसरतो, आणि आत घातलेल्या वाटीभर खोबऱ्यापेक्षा तो जास्त जाणवतो.

चोथ्याविषयी सावध करतो. कारखान्यातल्या पिठातला मेद यंत्राने दाबून काढलेला असतो. मिक्सर आणि पंचा यांच्या जोरावर तेवढा निघत नाही. त्यामुळे घरचा चोथा हा थोडा मेद गेलेला नारळच समजावा आणि हिशेबात निम्म्याने तरी धरावा. ओव्हनमध्ये ९० ते १०० अंशांवर, मधून मधून परतत, बोटांनी चुरडेपर्यंत वाळवा, दळा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर ठेवलात तर त्यातल्या तेलामुळे तो लवकर खवट होईल. थालीपिठात आणि कोरड्या चटणीत तो फार चांगला लागतो. केकमध्ये मी तो वापरत नाही.

आमच्याकडचा बाथ, म्हणजे रवा आणि नारळ रात्रभर मुरवून केलेला केक, सुचवण्याचा मोह होतो आहे, पण त्यात अंडी, साखर आणि तूप यांची चैन असते. नाताळचा पदार्थ नाताळात खावा. तुम्हाला खरे तर धोंडस, म्हणजे काकडीचा केक, हवे आहे. ते कोकणातलेच आहे आणि मुळातच बिनअंड्याचे आहे. एक वाटी तांदळाचा जाड रवा कोरडा भाजून घ्या. तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, दीड ते दोन वाट्या कीस पाण्यासकट घ्या, त्यात अर्धी-पाऊण वाटी गूळ, पाव वाटीच ओला नारळ, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून उकळी आणा, मग रवा सोडून मिश्रण घट्ट होईपर्यंत ढवळा. तेल लावलेल्या भांड्यात हळदीचे पान पसरून त्यावर मिश्रण थापा आणि १८० अंशांवर पाऊण तास भाजा. पूर्वी खाली चूल आणि झाकणावर निखारे ठेवत. ओव्हन तेच काम करतो. गूळ ही साखरच आहे, त्यामुळे सासऱ्यांना दोन बोटे रुंदीचीच वडी द्यावी.

प्रतिसाद, ठाण्याहून

मी आहारशास्त्र शिकवते. आपली आकडेमोड बरोबर आहे, म्हणून थेट पुढच्या मुद्द्यावर येते.

केकसाठी शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल घ्यावे, खोबरेल नको. खोबरेलातील मेदापैकी ८० टक्क्यांहून अधिक संपृक्त असतो, तर शेंगदाणा तेलात तो साधारण १७ ते २० टक्के आणि सूर्यफुलाच्या तेलात ११ टक्क्यांच्या आसपास असतो. संदेशांमध्ये एमसीटीचे, म्हणजे मध्यम साखळीच्या मेदाचे, जे गुण सांगितले जातात, ते मुख्यतः कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लांचे आहेत, आणि ही दोन्ही मिळून खोबरेलात १५ टक्क्यांच्या आसपासच असतात. त्यात जवळपास निम्मे असते ते लॉरिक आम्ल, ज्याचा बराचसा भाग शरीरात लांब साखळीच्या मेदाप्रमाणेच शोषला जातो. २०२० साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल घेणाऱ्यांचे एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमच्या आसपास जास्त आढळले. एचडीएल, म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉलही, थोडे वाढते हे खरे, पण ज्यांना एलडीएलसाठी गोळी सुरू आहे त्यांनी त्यावर विसंबून राहू नये. बाटलीवरील 'कोलेस्टेरॉल-फ्री' हे शब्द तर कोणत्याही वनस्पती तेलावर छापता येतील, कारण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांतच असते.

पॅसिफिक बेटांचा दाखला अगदीच खोटा नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टोकेलाऊमधील लोकांना ६३ टक्के आणि पुकापुकामधील लोकांना ३४ टक्के ऊर्जा नारळातून मिळत असल्याचे, आणि रक्तवाहिन्यांचे विकार दोन्हीकडे विरळ असल्याचे नोंदवले आहे. मात्र जिथे नारळ जास्त होता त्या टोकेलाऊमध्ये कोलेस्टेरॉलही जास्त होते, ही त्याच अभ्यासातील नोंद संदेशात येत नाही. शिवाय ती माणसे नारळाबरोबर मासे खात होती आणि साखर फार कमी. काकांना एवढे सांगून पाहा, अर्थात ते ऐकतीलच असे नाही.

सासऱ्यांसाठी दिवसाला २० ग्रॅम ओला नारळ धरावा, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम संपृक्त मेद, आणि मर्यादेतले उरलेले ६ ग्रॅम दूध, दही व तुपासाठी राहतील. पाच माणसांच्या पातेल्यात एकूण १०० ग्रॅम खोबरे गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला २० ग्रॅम येते, परंतु त्या दिवशी दुसऱ्या कोणत्याही पदार्थात नारळ नको. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आपली वाटी नेमकी किती ग्रॅमची आहे ते पाहून घ्यावे, कारण घराघरांतील वाट्यांत फार फरक असतो.

वाटणात खोबरे कमी केले की कांदा दुप्पट घ्या आणि तो घाईने न परतता तपकिरी होऊ द्या. खोबरेही एरवीपेक्षा अधिक खमंग भाजा, कारण चव भाजण्यातून येते. दाटपणासाठी मूठभर शिजलेली उसळच वाटून घाला किंवा चमचाभर तीळ आणि भाजके डाळे घाला. मेद तिळातही असतो, पण बहुतांश असंपृक्त.

सोलकढी पातळ दुधाची करावी, हा आपला अंदाज योग्य आहे. पहिल्या पिळणीत मेद सर्वाधिक उतरतो. कोमट पाण्याने तो आणखी सुटतो, आणि थंड पाण्याने कमी, कारण हा मेद २४ अंशांच्या खाली थिजतो.

गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

प्रतिसाद, वेंगुर्ल्याहून

पातळ दुधाची सोलकढी पानात वाढायला चालेल, पण लसूण आणि हिरवी मिरची नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेचून घाला, नाहीतर नुसते आगळाचे, म्हणजे कोकमाच्या रसाचे, आंबट पाणी प्यायल्यासारखे लागेल. काही जण ताकात आगळ घालून तिला सोलकढी म्हणतात. पेय म्हणून ते वाईट नाही, पण आमच्याकडे त्या नावाने वाढले तर पानावरून माणूस उठेल.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. वाटी तोलून पाहिली: खवलेल्या नारळाने सपाट भरली तर ७० ग्रॅम आणि दाबून भरली तर ९० ग्रॅमपर्यंत जाते, आणि आमच्याकडे ती नेहमी दाबूनच भरली जाते. आता काटा ओट्यावरच राहील. मडगावच्या दादांना एकच विचारायचे आहे: हळदीची पाने आमच्या मंडईत श्रावण-भाद्रपदातच दिसतात. इतर महिन्यांत धोंडसासाठी केळीचे पान चालेल का? आणि तवसे मिळाले नाही तर साधी काकडी घ्यावी का?

प्रतिसाद, मडगावहून

केळीचे पान चालेल. आचेवर धरून मऊ करून घ्या म्हणजे फाटणार नाही. हळदीचा वास येणार नाही, त्याऐवजी वेलचीबरोबर थोडी सुंठ घाला. साधी काकडी घेतलीत तर आधी चाखून पाहा, कडू निघाली तर सगळे मिश्रण वाया जाते. कोवळ्या काकडीला पाणी जास्त सुटते, त्यामुळे कीस दीड वाटीच्या वर घेऊ नका, आणि रवा शिजताना कोरडा वाटला तरच वरून गरम पाण्याचा हबका मारा.