इनॅमल सोडून अ‍ॅक्रिलिककडे: ब्रशनेच रंगवणाऱ्यांनी काय बदलायचं?

हंटर_डोंबिवली

नमस्कार. मी बरीच वर्षं १/७२ प्रमाणातली प्लास्टिकची मॉडेल विमानं हम्ब्रॉल कंपनीच्या इनॅमलने रंगवते, फक्त ब्रशने. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र, नाही. वन बीएचकेमध्ये कॉम्प्रेसर ठेवायला जागा नाही आणि रात्री दहानंतर तो चालवताही येणार नाही.

आता सासरे आमच्याकडे राहायला आले आहेत. त्यांना दमा आहे. मी हॉलमध्ये टर्पेंटाईनची बाटली उघडली की आतल्या खोलीत त्यांचा खोकला सुरू होतो आणि पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवता येत नाहीत. त्यामुळे घरात इनॅमल बंद, हे माझ्याकडून पक्कं आहे.

टेबलावर सध्या रेव्हेल कंपनीचं हंटर या लढाऊ विमानाचं किट आहे. १९७१ च्या युद्धात जैसलमेरहून उडून लोंगेवालाला रणगाडे फोडणाऱ्या आपल्या हंटर्सपैकी एक करायचं आहे. माझे मामा हवाई दलात हंटरवर फिटर होते, त्यांना भेट द्यायचं आहे. म्हणजे रंगात तडजोड नको: वर डार्क ग्रीन आणि डार्क सी ग्रे, पोटाला रुपेरी. कॉकपिट हम्ब्रॉल ३३ ने (मॅट काळा) आधीच रंगवून झालं आहे.

अंदाज यावा म्हणून टामिया कंपनीची एक्सएफ-५४ (डार्क सी ग्रे) आणली आणि एका जुन्या पंखावर ब्रशने लावून बघितली. पहिला हात बरा बसला. दुसरा हात द्यायला गेले तर खालचा रंग सुटून ब्रशबरोबर ओढला जायला लागला, सगळे चट्टे. अ‍ॅक्रिलिक ब्रशने होतच नाही का? कॉकपिटवरच्या इनॅमलला अ‍ॅक्रिलिक लागलं तर चालेल का? आणि उरलेल्या डब्यांचं काय करू? बरेच आहेत, काही तर उघडलेलेही नाहीत.

टँकवाला_बदलापूर

टामिया ब्रशचा रंग नाही, एवढं लक्षात ठेवा. त्यात अल्कोहोल आणि इतर सॉल्व्हंट आहेत, नवा हात जुन्याला विरघळवतो. एअरब्रशमध्ये मात्र त्याला तोड नाही: टामियाचंच एक्स-२०ए थिनर किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) साधारण निम्मं-निम्मं, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, रंग बसता बसता सुकतो. माझे सगळे टी-५५ आणि विजयंता रणगाडे त्याच रंगाने रंगवलेले आहेत. जमलं तर छोटा एअरब्रश घ्याच.

पण घरात दम्याचा पेशंट असेल तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. टामियालाही वास आहे, आणि कुठल्याही रंगाचा फवारा हवेत तरंगतो. मी स्वतः केमिकल कार्ट्रिजचा मास्क लावून गॅलरीत बसतो.

जुना_ब्रश

ताई, तुमच्या हातात काही दोष नाही, बाटली चुकीची आहे. माझी नोकरी नाशिकला रंगाच्या कारखान्यात, क्वालिटी लॅबमध्ये झाली. निवृत्त झाल्यापासून विमानं करतो आणि तीही ब्रशनेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इनॅमलमध्ये अल्किड रेझिन असतं. थिनर उडून गेल्यावरही ते हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू आवळत जातं. तासन्‌तास ते ओलं राहतं, त्यामुळे ब्रशच्या रेघा आपोआप पसरून सपाट होतात. तुमचा हात या उसंतीवर तयार झाला आहे: रंग भरपूर लावायचा, मग परत फिरून सारखा करायचा. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये रेझिनचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटतात आणि काही मिनिटांत पापुद्रा तयार होतो. त्या अर्धवट पापुद्र्यावरून ब्रश परत फिरवला की तो फाटतो. पण एकदा नीट सुकला की पाण्याने पुन्हा सुटत नाही, म्हणून दुसरा, तिसरा, चौथा हात निर्धास्त देता येतो. आपल्याला हाच गुण वापरायचा आहे.

तर ब्रशसाठी व्हॅलेहोची मॉडेल कलर मालिका घ्या. स्पेनचा रंग आहे, पाण्यावर चालतो, वास नावापुरता. मॉडेल एअर मालिका घेऊ नका, ती फवाऱ्यासाठी आधीच पातळ केलेली असते आणि ब्रशने झाकायला फार हात लागतात. आणि टामियाच्या सवयीने यात आयपीए टाकू नका. दूध नासावं तशा गुठळ्या होतात आणि तो रंग मग कशानेही सुधारत नाही. पातळ करायला त्यांचंच थिनर किंवा डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते चालतं. तुमच्याकडे आधीच घेतलेली एक्सएफ-५४ वाया गेली असं समजू नका. चाकाच्या खाचा, इंजिनाचं तोंड, असं जिथे एकाच हातात काम होतं तिथे ती चांगली वापरता येईल.

आता प्लास्टिक. इनॅमल उघड्या प्लास्टिकलाही बरं धरतं, त्यामुळे आपल्यापैकी बरेचजण प्रायमरशिवाय रंगवत आले. पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकला तसं करून चालणार नाही, नखाने निघेल. भाग भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, साच्यातून सुटायला लावलेलं तेल जाऊ द्या, बोटांचा तेलकटपणा लागू न देता सुकवा. मग प्रायमर. डब्यातले स्प्रे प्रायमर उत्तम असतात, पण ते लॅकर, म्हणजे तीव्र सॉल्व्हंटचे रंग, आहेत, वास टर्पेंटाईनपेक्षा उग्र. तुमच्या घरात नको. व्हॅलेहोचं पाण्याचं पॉलीयुरेथेन प्रायमर ब्रशने दोन पातळ हात द्या आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. त्यावर पॉलिश पेपर मारायचा नाही, ते भुकटी न होता रबरासारखं सोलून निघतं. जे काही घासायचं असेल ते प्रायमरच्या आधी घासून घ्या.

रंग थेट बाटलीतून ब्रशवर घेऊ नका. चपट्या प्लास्टिकच्या डब्यात ओला टिश्यू पेपर पसरा, वर बटर पेपर घाला आणि त्यावर रंगाचे थेंब टाका. खालचा ओलावा कागदातून झिरपत राहतो, रंग तासभर कामाचा राहतो. एप्रिल-मेमध्ये आमच्या नाशिकच्या कोरड्या हवेत याच्याशिवाय रंगवणं मला अशक्य आहे. ब्रशच्या टोकावरच रंग सुकतो. तुमच्याकडे खाडीची दमट हवा, त्यामुळे उलट प्रश्न येईल. पावसाळ्यात पाणी उडायला वेळ लागतो, दोन हातांत अर्धा तास तरी जाऊ द्या आणि पंखा मॉडेलवर सरळ लावू नका, धूळ बसते. डब्यातलं पाणी आणि टिश्यू रोज बदला, नाहीतर बुरशी येते.

ब्रश नवीन घ्या. इनॅमलच्या ब्रशमध्ये कितीही धुतलं तरी टर्पेंटाईनचा तेलकट अंश राहतो आणि पाण्याचा रंग त्यावर थेंब-थेंब होऊन फाटतो. सिंथेटिक केसांचा, सहा मिलीमीटरचा चपटा ब्रश पंखांसाठी. रंग साधारण पातळ दुधाइतका ठेवा, ब्रश टिश्यूला टेकवून जादा उतरवा, एका दिशेने ओढा आणि पुढे जा. मागे फिरायचं नाही. पहिल्या हाताला प्लास्टिक दिसेल, ठिपके दिसतील, मन घाबरेल. दिसू द्या. तिसऱ्या हातानंतर हिरवा भरून येतो, राखाडीला कदाचित चौथा लागेल. पंखावर मी नेहमी नाकाकडून शेपटीकडे, हवा वाहते त्या दिशेने ओढतो. चुकून बारीक रेघ राहिलीच तरी १/७२ मध्ये ती डोळ्याला खटकत नाही.

कॉकपिटची काळजी करू नका. पूर्ण आवळलेल्या इनॅमलवर पाण्याचं अ‍ॅक्रिलिक चालतं. नाकाजवळ धरून बघा, वास येत नसेल तर रंग पक्का झाला. फक्त लॅकर त्यावर कधी लावू नका, खालचं इनॅमल सुरकुततं.

उरलेले इनॅमलचे डबे मात्र टाकून देऊ नका. अ‍ॅक्रिलिकवर इनॅमलचं काम छान होतं. पूर्ण सुकलेल्या अ‍ॅक्रिलिकला टर्पेंटाईन फारसं काही करत नाही. म्हणून पॅनेलच्या रेघांत काळपट वॉश (रेघा उठून दिसण्यासाठीचा अगदी पातळ रंग) भरायचा तर इनॅमल पातळ करून सोडा, जादा टर्पेंटाईनच्या बोळ्याने पुसा, खालचा रंग जागचा हलत नाही. इनॅमलवर इनॅमलचा वॉश देताना मध्ये वार्निशचा थर लागायचा, तो त्रास वाचला. हे काम घरात करू नका. एखाद्या रविवारी गच्चीवर, सासरे खाली असताना करा आणि वास जाईपर्यंत मॉडेल वरच ठेवा. वास नसलेलं थिनर म्हणून मिळतं तेही पेट्रोलियमचंच असतं, त्याच्या भरवशावर हॉलमध्ये बसू नका. गच्ची जमत नसेल तर व्हॅलेहोचे पाण्याचे वॉश आहेत. ते पुसायला घाई करावी लागते, तेवढंच.

लेस्टरकर

डबे फेकू नका, याला माझंही अनुमोदन. मी इथे इंग्लंडमध्ये असतो. एअरफिक्स कंपनीच्या किटमधल्या सूचनांच्या कागदावर अजूनही हम्ब्रॉलचेच नंबर छापलेले असतात, त्यामुळे तुमच्याकडे असलेला १६३ डार्क ग्रीन आणि १६४ डार्क सी ग्रे हे तुमचं मोजमाप आहे. दोन्हींची एकेक पट्टी पांढऱ्या प्लास्टिकवर रंगवून, सुकवून डब्यात ठेवा. व्हॅलेहोची बाटली आणल्यावर प्लास्टिकच्या चमच्यावर हात देऊन दिवसाच्या उजेडात त्या पट्टीशेजारी धरा. एकाच नावाच्या दोन कंपन्यांच्या रंगांत फरक निघतो, विशेषतः या राखाडीत. मामांच्या डोळ्याला तो कळेल. हम्ब्रॉलचे हे दोन्ही रंग सॅटिन (किंचित चमकदार) आहेत आणि व्हॅलेहो मॅट, म्हणून पट्टीवर मॅट वार्निश मारल्याशिवाय तुलना करू नका.

उघडलेल्या डब्याची कड पुसून झाकण ठोकून बंद केलं तर रंग वर्षानुवर्षं राहतो.

हंटर_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना ब्रश काका, तुम्ही सांगितलं तसं चमच्यावर करून बघितलं. मागे न फिरणं हेच सगळ्यात अवघड गेलं, पण चौथ्या हाताला राखाडी इतका एकसारखा आला की मी दिव्याखाली तिरका धरून बघत बसले. आणि सासरे हॉलमध्ये माझ्या शेजारी बसून बघत होते, खोकला नाही.

दोन गोष्टी राहिल्या. हिरवा-राखाडीची सीमा टेपने करू की हाताने? आणि पोटाच्या रुपेरीचं काय? हम्ब्रॉल ११ या रुपेरीची मला सवय आहे, पण तो आता घरात नको.

जुना_ब्रश

वा, सासरे शेजारी बसले हे वाचून फार बरं वाटलं.

आधी रुपेरी, मग वरचे रंग. ब्रशने दिलेला साधा अ‍ॅक्रिलिक रुपेरी दाणेदार आणि ढगाळ दिसतो, म्हणून व्हॅलेहोच्याच मेटल कलर मालिकेतलं अ‍ॅल्युमिनियम घ्या. त्याचे कण फार बारीक आहेत. पोटाला खाली ग्लॉस काळा द्या, तो रात्रभर सुकू द्या, मग अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ हात. पातळ करू नका, आहे तसंच वापरा, फक्त बाटली भरपूर हलवा.

वरची सीमा हाताने. आधी राखाडी सगळीकडे, तो सुकल्यावर पेन्सिलीने फिकट रेघ काढा, मग हिरव्याची कड बारीक गोल ब्रशने आखून मग आत भरत जा. टेप फक्त वरचे रंग आणि रुपेरी यांच्यामधल्या सरळ रेषेला लावा. तीही दोन दिवसांनी आणि आधी हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून, चिकटपणा कमी करून. काढताना टेप स्वतःवरच दुमडत, अगदी सपाट कोनात ओढा. अ‍ॅक्रिलिक एका ठिकाणी उचललं गेलं तर चट्टाच्या चट्टा सोबत येतो.

डीकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या, आधी ग्लॉस वार्निश विसरू नका. मॅट रंगावर डीकलखाली हवा अडकते आणि चक्राभोवतीची पारदर्शक कड पांढरी दिसते. डीकल सॉफ्टनर (डीकल मऊ करणारं द्रव) आधी त्या रंगवलेल्या चमच्यावर टाकून बघा. काही कडक सॉफ्टनर अ‍ॅक्रिलिक वार्निशला सुरकुत्या पाडतात. चमच्यावर काही झालं नाही, तरच हंटरला लावा.