मुलींची वेगळी रेस म्हणजे लेडीज डबा का?

ठाणे_फास्ट
रविवारी टीव्हीवर एफवन (फॉर्म्युला वन) अकॅडमीची रेस लावून बसलो होतो. फक्त मुलींची सिरीज आहे ती, गाड्या एफफोरच्या (खालची पायरी, तिथून वर एफथ्री, एफटू आणि मग एफवन), एफवनच्याच वीकेंडला होते. धाकटा भाऊ मागून आला आणि म्हणाला हे काय, लेडीज डबा जोडलाय का. हसलो, पण डोक्यातून जाईना कारण खरं सांगू का मलाही तेच वाटतं. एफवनच्या क्वालिफायिंगला (रेसमध्ये जागा मिळवायच्या फेरीला) शेवटची बाई उतरली ती जोव्हाना अमाती, १९९२ साली, तीन रेसना प्रयत्न केला आणि एकदाही ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, जागा मिळाली नाही. मग थेट २०१४ ला सूझी वुल्फ सिल्व्हरस्टोनला शुक्रवारच्या प्रॅक्टिसला विल्यम्स टीमच्या गाडीत बसली, तर दोन-चार लॅपमध्ये इंजिनने मान टाकली. आणि पॉइंट म्हणाल तर आख्ख्या इतिहासात एकीच्याच नावावर, लेला लोम्बार्डी, १९७५, स्पेन. सहावी आली, पण अपघातामुळे रेस मधेच थांबवली म्हणून अर्धाच पॉइंट दिला. पन्नास वर्षं तो अर्धा पॉइंट तसाच पडून आहे. मुलींना मुलींशीच पळवून तो पूर्ण कसा होणार? त्यापेक्षा तोच पैसा घाला आणि दोघी-तिघींना सरळ एफथ्रीत टाका, मार खातील, शिकतील.

बोल्टनट_सांगली
कडू वाटेल पण बोलतो. जोराच्या ब्रेकिंगला मानेवर पाच जी (गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर) येतात, दीड-दोन तास तेच, ती काय स्कूटी आहे का. टेनिसमध्ये वेगळी स्पर्धा, कुस्तीत वेगळी, तिथे कुणी रडत नाही मग इथेच का? आणि एवढीच फास्ट असेल तर येईल की वर, अडवलंय कुणी. स्टॉपवॉचला बाई-पुरुष कळत नाही.

चिंचगोळी
@बोल्टनट स्टॉपवॉचला नाही कळत, पण स्टिअरिंगला कळतं ना दादा! एफवनच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग असतं, खालच्या एफटू आणि एफथ्रीला नसतं. म्हणजे माडीवर जायला लिफ्ट आहे पण ती दुसऱ्या मजल्यावरून सुरू होते, तिथपर्यंत शिडी. डाऊनफोर्स (हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर) वाढला की वळणावर चाक दगडासारखं होतं, बारीक चणीच्या पोरांचेही हात भरून येतात. २०२४ ची नवी एफटू गाडी करताना एफआयएने (रेसिंगचे नियम करणारी संस्था) स्टिअरिंगला लागणारा जोर मुद्दाम विचारात घेतला, म्हणजे अडचण गाडीत होती हे त्यांनाही पटलं की. मानेचं म्हणाल तर मान व्यायामाने होते, मुलांचीही जन्मतः तशी नसते.
आणि कार रॅली विसरलात? मिशेल मुटॉन, १९८२, ऑडी क्वाट्रो. पोर्तुगाल, ग्रीस, ब्राझील तिन्ही जिंकल्या, वर्ल्ड चॅम्पियनशिपला दुसरी. आयव्हरी कोस्टच्या रॅलीआधी वडील गेले तरी उतरली, पुढे होती, आणि गाडी बाद झाली. टायटल तिच्याशी झुंजणाऱ्या वॉल्टर रोर्लला. तिच्यासाठी वेगळं काही काढलं नव्हतं कुणी.

बोल्टनट_सांगली
एक नाव, तेही चाळीस वर्षांपूर्वीचं 🙏 अपवादावर नियम नाही करत ताई.

डोंबिवलीची_सून
लेडीज डब्यावरून बोलताय म्हणून लिहिते. लेडीज डबा नसता तर माझी आई बावीस वर्षं नोकरी करू शकली नसती. जनरलमध्ये चढणं तिला जमलं नसतं असं नाही, रोज चढून अंगात कामाचा जीव उरला नसता. वेगळा डबा म्हणजे कमीपणा नाही, आत पाय ठेवायला जागा. ठाणे_फास्ट तुम्ही म्हणता सरळ एफथ्रीत टाका, पण एकटी पोर दहा टीमच्या गर्दीत जाऊन शेवटची आली की सगळे म्हणणार बघा, बायकांना जमत नाही.

ठाणे_फास्ट
मुद्दा मान्य, पण लेडीज डबा त्याच गाडीला जोडलेला असतो हो, सीएसएमटीला सगळे एकत्रच उतरतात. याआधीच्या मुलींच्या सिरीजचा, डब्ल्यू सिरीजचा, डबा यार्डात गेला. जेमी चॅडविक तिन्ही सीझन जिंकली, २०१९, २०२१, २०२२. आता हिशोब बघा, एफवनच्या सुपर लायसन्सला (एफवन चालवायच्या परवान्याला) ४० पॉइंट लागतात, डब्ल्यू सिरीज जिंकलीस तर १५, आणि एफटूत नुसतं पहिल्या तिनात आलं तरी पूर्ण ४०. २०२२ च्या शेवटच्या रेसेस पैशाअभावी रद्द, पुढच्या वर्षी सिरीजच बुडाली. चॅडविक गेली अमेरिकेला. गंमत म्हणजे हीच पोरगी त्याआधी आपल्याकडची एमआरएफ चॅलेंज ही सिरीज जिंकून गेली होती, २०१९ मध्ये चेन्नईत, समोर मुलं. मग तिला सिद्ध काय करायचं राहिलं होतं?

चिंचगोळी
पैसा 😐

कार्टवाला_बाबा
इतके दिवस नुसता वाचत होतो. मुलगी अकरा वर्षांची आहे, दोन वर्षं कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांची रेस) करते. परवा ग्रिडवर अठरा कार्ट, मुलगी ही एकटीच. म्हणजे वरती बाई का नाही यावर इतकं भांडताय, पण खाली सुरुवातच सतराला एक आहे. हलकी असण्याचा फायदा मिळत असेल असं बरेच म्हणतात, तसं काही नाही, कमीत कमी वजनाचा नियम असतो, म्हणून सीटला मागून शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळतो मी. सीट तिला मोठं होतं, दोन्ही बाजूंनी फोम कापून चिकटवलाय, तरी पहिल्या महिन्यात बरगड्या काळ्यानिळ्या, हिची आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही.
एक जण स्पॉन्सर करतो म्हणाले, अट एकच, कार्ट गुलाबी रंगाची हवी. लेक म्हणाली नको, मला त्या अजयच्या कार्टसारखी काळी हवी. पैसे गेले.
वेगळी सिरीज हवी का? टीव्हीवर मुली दिसल्या म्हणून तर ही हट्टाला पेटली, तेव्हा ती बंद करा असं मी कसं म्हणू. पण रविवारी तिला त्या सतरा पोरांतच पळवणार. पुण्याच्या डायना पुंडोळे २०२४ मध्ये सलून कारची (रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या रेसगाड्यांची) नॅशनल चॅम्पियनशिप जिंकल्या त्याही पुरुषांमध्येच, घरी दोन मुलं सांभाळून.

बोल्टनट_सांगली
ते सगळं राहू द्या हो. परवा कितवी आली?

कार्टवाला_बाबा
सातवी. शेवटच्या लॅपला अजयला आतून मागे टाकलं. त्याचे बाबा अजून माझा फोन घेत नाहीयेत.